वेगाला जादा दाम, ब्रेक मात्र सर्वांना : इंदूरच्या एका स्पोर्ट्स कारचा इतिहास

१/ शोरूममध्ये पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न पडतो : सांगितलेल्या किमतीत नेमके काय मिळते आणि कशासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात? स्पोर्ट्स कारच्या बाबतीत तो अधिक अवघड, कारण तिथे वेगच विकला जातो. हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याच्या इतिहासातले एक पान मराठी राजघराण्याचे आहे. #इतिहास #धागा

२/ त्या पानाकडे जाण्यापूर्वी देगलूरच्या रस्त्यावर क्षणभर थांबू. नांदेडहून संगारेड्डीकडे जाणाऱ्या या महामार्गावरच्या ट्रकमालकांना एक व्यवहार चांगला ठाऊक आहे : कंपनीकडून चॅसी घ्यायची आणि बॉडी दुसऱ्या कारखान्यात बांधून घ्यायची. इंजिन, गिअर, ब्रेक कंपनीचे. फाळके, रंग आणि सजावट मालकाच्या पसंतीची.

३/ शंभर वर्षांपूर्वी जगातल्या सर्वांत महागड्या मोटारी अशाच विकल्या जात. १९११ साली हैदराबादचे सहावे निजाम महबूब अली खान यांनी रोल्स-रॉईस मागवली. चॅसी रोल्स-रॉईसची, सिंहासनासारखे उंच आसन असलेली बॉडी मात्र लंडनच्या बार्कर कंपनीची. देगलूर तेव्हा याच निजामाच्या राज्यात होते.

४/ म्हणजे ‘गाडीसोबत काय मिळते?’ या प्रश्नाचे त्या काळचे उत्तर चॅसीपाशीच संपत असे. दारे, आसने, छप्पर हा ग्राहकाचा आणि बॉडी बांधणाऱ्याचा मामला. वेग आणि ताकद मात्र कंपनीच्या हाती. त्यामुळे चॅसीच्या किमतीत काय धरले आहे, हे पाहणे महत्त्वाचे ठरे.

५/ आता अमेरिकेकडे वळू. डिसेंबर १९२८ मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनीने ‘मॉडेल जे’ ही गाडी न्यूयॉर्कमध्ये सादर केली. नुसत्या चॅसीची किंमत ८,५०० डॉलर. फोर्डची साधी गाडी तेव्हा सुमारे ५०० डॉलरला तयार मिळत होती.

६/ या किमतीत मिळत काय होते? सुमारे ६.९ लिटरचे, एका रांगेत ८ सिलिंडर असलेले इंजिन. प्रत्येक सिलिंडरला ४ व्हॉल्व्ह. कंपनीच्या दाव्यानुसार २६५ अश्वशक्ती. समोरच्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारे यंत्रही असे आणि तेल बदलण्याची वेळ झाल्याची आठवण देणारा दिवाही.

७/ १९३२ मध्ये याच गाडीची अधिक वेगवान आवृत्ती आली : ‘एसजे’. तिला सुपरचार्जर होता. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक जळते आणि ताकद वाढते. कंपनीचा दावा ३२० अश्वशक्तीचा होता. हा वाढीव ताण सोसावा म्हणून इंजिनातले काही भागही अधिक मजबूत केले होते.

८/ ‘जे’च्या सुमारे ४८० गाड्या बनल्या, त्यांपैकी कारखान्यातून ‘एसजे’ म्हणून निघालेल्या चाळिसाहूनही कमी. अशी एक गाडी इंदूरला आली.

९/ तिचे मालक महाराजा यशवंतराव होळकर दुसरे (१९०८–१९६१). नीरेकाठच्या होळ गावावरून आडनाव पडलेल्या घराण्याचे हे वंशज. जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी इंदूरचा माणिकबाग महाल आधुनिक शैलीत उभारून घेतला. मोटारीतही त्यांची दृष्टी तीच होती.

१०/ १९३० च्या दशकाच्या मध्यावर त्यांच्यासाठी ‘एसजे’ची लांब चॅसी अमेरिकेहून निघाली. बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कंपनीने बांधली आणि तिला केशरी व काळा रंग दिला. बॉडी इंग्लंडची, रंग इंदूरचा. वेग मात्र जो कारखान्यातून आला तोच.

११/ आता खरी गंमत. ‘एसजे’ची बाह्य खूण म्हणजे बॉनेटच्या बाजूने बाहेर आलेल्या, क्रोमने चमकणाऱ्या एक्झॉस्टच्या नळ्या. रस्त्यावरची माणसे त्या पाहूनच गाडी ओळखत. पण कंपनी जादा पैसे घेऊन याच नळ्या सुपरचार्जर नसलेल्या ‘जे’लाही बसवून देत असे! पुढे काही साध्या ‘जे’ गाड्यांना मागाहून सुपरचार्जरही बसवले गेले.

१२/ म्हणून अशा गाडीची पारख नळ्यांवरून होत नाही. बॉनेट उघडावे लागते आणि कारखान्याची मूळ नोंद पाहावी लागते. आजही वेगळे काय आहे? मागचा स्पॉयलर, लाल पट्टे आणि ‘स्पोर्ट’ ही अक्षरे साध्या इंजिनाच्या गाडीवरही दिसतात.

१३/ या कथेतला सर्वांत मोलाचा भाग मात्र ब्रेकचा आहे. जुलै १९२१ मध्ये ल मान्स येथे झालेली फ्रेंच ग्रां प्री शर्यत जिमी मर्फी यांनी ड्यूसेनबर्ग चालवून जिंकली. त्या गाडीच्या चारही चाकांना हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक होते.

१४/ त्याच काळात कंपनीने हे ब्रेक ग्राहकांसाठीच्या ‘मॉडेल ए’ला दिले. पुढे ‘जे’ला आणि ‘एसजे’लाही ते मूळ किमतीतच मिळाले. वेग हवा तर अधिक पैसे मोजा. थांबण्याची सोय मात्र सर्वांना सारखी!

१५/ आपल्याकडे दीर्घकाळ याच्या उलट चालले. ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा अनेक मोटारींच्या केवळ वरच्या मॉडेललाच मिळे. एअरबॅगचेही तेच. ज्याने काटकसरीने खालचे मॉडेल घेतले, त्याच्या कुटुंबाची सुरक्षितताही खालची!

१६/ अखेर हा निर्णय कायद्याने घेतला. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस आणि जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. २०२१ मध्ये चालकाशेजारच्या आसनालाही ती लागू झाली. जुनी मोटार विकत घेताना म्हणूनच निर्मितीचे वर्ष आणि नेमके मॉडेल दोन्ही विचारावे.

१७/ तात्पर्य : ‘मूळ किमतीत काय?’ याचे उत्तर आपोआप ठरत नाही. ते कुणीतरी ठरवते. कधी कारखानदार, कधी सरकार, कधी प्रश्न विचारणारा ग्राहक. माहितीपत्रक हाती आले की आधी ब्रेक, टायर आणि एअरबॅगच्या ओळी वाचाव्यात, अश्वशक्तीची मागाहून. होळकरांच्या गाडीतही वेगाआधी ब्रेकच आले होते.

(धागा समाप्त. उपयुक्त वाटल्यास गाडी घेण्याच्या विचारात असलेल्या स्नेह्यांपर्यंत जरूर पोहोचवावा.)