हाकलून दिलेल्यांचे गाव

शाळेत इतिहास शिकवताना मी दरवर्षी मुलांना सांगत असे की, इंग्लंडमधले प्युरिटन लोक धर्मस्वातंत्र्यासाठी अमेरिकेत गेले. आता निवांत वाचायला लागल्यावर कळते की, मी अर्धेच सांगत होतो. त्यांना स्वातंत्र्य हवे होते ते स्वतःपुरते. (याच प्युरिटनांच्या परंपरेतल्या बोस्टनच्या संस्थेने पाठवलेले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. पुढे रेव्हरंड टिळकांनी ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले, ते त्यांचेच.)

उरलेला अर्धा भाग ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यात सापडतो. क्षेत्रफळाने ते अमेरिकेतले सर्वांत लहान राज्य.

रॉजर विल्यम्स हा मॅसॅच्युसेट्समधला एक तरुण पाद्री. सरकारने कोणाच्या श्रद्धेत हात घालू नये, असे तो उघड म्हणू लागला. शिवाय इंग्लंडच्या राजाला इथली जमीन परस्पर वाटून टाकायचा हक्कच काय, असेही विचारू लागला. मला वाटते, हा दुसरा प्रश्नच जास्त झोंबला असावा! १६३५ साली त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. ऐन हिवाळ्यात तो निघाला, मूळ रहिवाशांच्या आसऱ्याने तगला आणि १६३६ साली नॅरगॅन्सेट लोकांचे प्रमुख कॅनोनिकस व मियांटोनोमी यांच्याकडून जमीन घेऊन त्याने प्रॉव्हिडन्स वसवले. त्या लोकांची भाषा शिकून १६४३ साली तिच्यावर पुस्तकही लिहिले.

अमेरिकेतली पहिली बाप्टिस्ट मंडळी १६३८ साली इथेच जमली. गंमत अशी की, विल्यम्स स्वतः तिच्यात काही महिनेच टिकला. खरे चर्च आता पृथ्वीवर उरलेलेच नाही असे त्याचे मत झाले, आणि मग तो कुठल्याच चर्चचा राहिला नाही. पण दुसऱ्यांना जागा देणे त्याने थांबवले नाही. क्वेकर पंथाशी त्याचे कडाक्याचे वाद होते, तरी क्वेकर तिथे सुखाने राहत. त्याच सुमारास, १६६० साली, बोस्टनमध्ये मेरी डायर या क्वेकर बाईला फाशी दिले गेले.

१६६३ च्या राजाच्या सनदेत तर लिहूनच मिळाले की, धर्माच्या मतभेदावरून कोणाला छळायचे नाही.

तरी सगळे गोड नव्हते. १६७५ साली शेजारच्या वसाहतींच्या फौजांनी नॅरगॅन्सेटांची कत्तल केली, आणि पुढच्या वर्षी प्रॉव्हिडन्स जळाले. त्यात विल्यम्सचे घरही गेले. न्यूपोर्ट तर पुढे गुलामांच्या व्यापाराचे मोठे बंदर झाले.

त्याच न्यूपोर्टमध्ये १७६३ साली ज्यू लोकांचे प्रार्थनामंदिर उघडले. टूरो सिनेगॉग म्हणतात त्याला; अमेरिकेत आज उभ्या असलेल्या सिनेगॉगांमध्ये ते सर्वांत जुने. ते बांधून होत होते तेव्हाच, १७६२ साली, त्या समाजातल्या ॲरन लोपेझ या बड्या व्यापाऱ्याने नागरिकत्व मागितले. ऱ्होड आयलंडने ते नाकारले, कारण तो ख्रिस्ती नव्हता. प्रार्थना करा, पण बरोबरीने बसू नका, असा त्याचा अर्थ. बिचाऱ्याला नागरिकत्व मिळाले ते मॅसॅच्युसेट्समध्ये. म्हणजे विल्यम्सला हाकलणाऱ्या मॅसॅच्युसेट्समध्ये!

१७९० साली अध्यक्ष वॉशिंग्टननी न्यूपोर्टच्या ज्यू मंडळीला पत्र लिहिले. एकाने दुसऱ्याला नुसते चालवून घेण्याची भाषा आता नको, हा सर्वांचा जन्मजात हक्क आहे, असा त्याचा आशय. लोपेझ हे पत्र ऐकायला नव्हता. १७८२ सालीच न्यूपोर्टला परतताना तो एका तळ्यात बुडून वारला होता.