मुंबईचे थोरले पोस्ट आणि आपली घरे

बोरीबंदर स्थानकातून बाहेर पडणाऱ्या नवख्या प्रवाशाची दृष्टी त्या स्थानकाच्याच शिखरांवर खिळून राहते. शेजारीच उभी असलेली काळ्या पाषाणाची घुमटदार वास्तू तो सहसा ओलांडून पुढे जातो. प्रस्तुत लेखकही कित्येक वर्षे तसाच गेला. गतवर्षी मात्र घरच्या एका जुन्या ट्रंकेतील कागदांनी त्यास त्या वास्तूच्या पायऱ्या चढावयास लाविले. ही वास्तू म्हणजे मुंबईचे जनरल पोस्ट ऑफिस; आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातले 'थोरले पोस्ट'.

ह्या इमारतीचे काम १९०४ साली सुरू झाले व १९१३ साली पुरे झाले. खर्च अठरा लाख रुपयांहून किंचित अधिक आला. आराखडा जॉन बेग ह्या वास्तुविशारदाचा. त्याचा साहाय्यक जॉर्ज विटेट, ज्याने पुढे गेटवे ऑफ इंडियाची आखणी केली. घुमटाची कल्पना विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेली आहे. मुहम्मद आदिलशहाच्या कबरीवरील छत्राचा नमुना इंग्रजांनी टपालकचेरीस द्यावा, ही गोष्ट गमतीची खरी. परंतु काळा बेसॉल्ट, कुर्ल्याचा पिवळा दगड आणि ध्रांगध्र्याचा पांढरा दगड ह्यांच्या मेळामुळे ती परकी वाटत नाही. असो. वास्तूचे वर्णन करणारे ग्रंथ बहुधा येथेच थांबतात. आपला इतिहास मात्र घुमटाखालच्या भव्य दालनात, खिडकीपुढच्या रांगेत सुरू होतो.

एका पैशाचे कार्ड सरकारने १८७९ साली काढले, आणि १८८० पासून मनीऑर्डरीचे काम टपालखात्याकडे आले. ह्या दोन गोष्टींनी कोकणातील घरे जितकी बदलली तितकी एखाद्या लढाईनेही बदलली नसतील. त्यापूर्वी मुंबईची कमाई गावी पोचावयाची म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या विश्वासू मनुष्याच्या कनवटीतूनच. मनीऑर्डरीमुळे पोस्टमन दारी येऊन रोकड मोजून देऊ लागला. फॉर्मच्या तळाशी चार ओळींपुरते कुपन असे. ते पैसे घेणाऱ्याकडे राही. सही वा अंगठा घेतलेली पोच मात्र पाठविणाऱ्याकडे परत येई. गिरणगावातील मंडळी आपापल्या लालबाग-परळच्या पोस्टांतूनच पैसे पाठवीत. पण फोर्टातील कचेऱ्यांत शिपाई, पट्टेवाले, कारकून म्हणून राबणाऱ्यांना हेच पोस्ट जवळचे. ज्यास लिहिता येत नसे तो समोर कबुतरखान्याजवळ बसणाऱ्या पत्रलेखकांकडे जाई. ते फॉर्म भरून देत, पार्सलास कापड शिवून लाखेची मोहोर करीत, आणि घरचा मजकूरही लिहीत. सासूच्या दुखण्यापासून बैलाच्या किमतीपर्यंत सारे गुपित ह्या परक्या मनुष्याच्या कानी घालावे लागे, ह्याचा संकोच आजोबांस अखेरपर्यंत वाटला.

आमचे आजोबा फोर्टात शिपाई होते. ट्रंकेत तारेत ओवलेल्या पोचा निघाल्या, त्या त्यांच्या. आणि निराळ्या फडक्यात बांधलेली कुपने निघाली, ती आजीची. एकाच मनीऑर्डरीचे दोन तुकडे अर्धे आयुष्य दोनशे मैलांच्या अंतराने राहिले, आणि आजोबा निवृत्त होऊन गावी परतले तेव्हा एका ट्रंकेत आले. प्रत्येक पोचेवर आजीचा अंगठा आहे. शेजारी साक्षीदाराची सही. आपल्या घराण्याची वंशावळ पूर्वी छापली गेली, तीत आठ पिढ्यांचे पुरुष आहेत आणि सून एकही नाही. आजी ह्या घरात होती, हिशोब घेत होती, ह्याचा लेखी पुरावा तो अंगठाच. १९५४ च्या एका पोचेवर मात्र अंगठा नाही. तेथे वेड्यावाकड्या अक्षरांत तिचे नाव आहे. तिला कोणी शिकविले, हे विचारावयास आता घरात कोणी उरले नाही.

पुढील कथा थोडक्यात सांगता येते. एकाच नावाची गावे अनेक असल्याने होणारा घोळ टाळण्यासाठी १९७२ साली पिनकोड आला. त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणचेच, संस्कृतचे पंडित. थोरल्या पोस्टाच्या वाट्यास ४००००१ हा अंक आला. १९८२ च्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगारांचे वेतन थांबले, आणि तळकोकणातील अनेक घरी पोस्टमनची वाट पाहणे व्यर्थ ठरले. २०१३ मध्ये तारसेवा संपली. २०१५ मध्ये जुन्या पद्धतीची मनीऑर्डरही बंद झाली. घुमट मात्र जागच्या जागी आहे व खाली कामकाज चालू आहे. आम्ही उभे होतो तेव्हा एक वृद्ध गृहस्थ खिडकीशी राखीच्या पाकिटाचे वजन करवून घेत होते.

ज्ञातिबांधवांपैकी ज्यांच्या माळ्यावर असे कागद असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. पुढील वंशावळ छापण्यापूर्वी कार्यकारिणीस दाखवावेत, म्हणजे निदान काही सुनांची नावे तरी तीत घेता येतील. मात्र कागद तारेवरून ओढून काढू नयेत. गंजलेली तार पकडीने तोडावी. आमच्या चार पोचा ओढतानाच फाटल्या.