तगाई ते थेट अनुदान

बैल, बियाणे आणि पोटापुरते धान्य यांसाठी सरकारने शेतकऱ्याला दिलेली उचल म्हणजे तगाई. 1676 मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेल्या पत्रात शिवाजी महाराजांनी अशी मदत करून केवळ मुद्दल, तेही शेतकऱ्याला शक्ती येईल तसे, वसूल करण्यास बजावले होते, आणि ही सवलतच त्या धोरणाचे मर्म होय. इंग्रजी अमलात 1883 व 1884 च्या कायद्यांनी अनुक्रमे जमीनसुधारणेसाठी आणि बी-बैलांसाठी कर्जे मिळू लागली, परंतु त्यांवर व्याज होते आणि थकबाकी जमीनमहसुलाप्रमाणे वसूल होई. 2019 च्या पीएम-किसान योजनेचे वार्षिक 6,000 रुपये परत करावे लागत नाहीत. मात्र जमीन नावावर नसलेला, खंडाने कसणारा शेतकरी त्यांतून वगळला गेला.