परदेश प्रवास आणि आरोग्य : बेळगाव–निपाणी सीमाभाग

परदेशी निघण्याआधी करायची शरीराची, औषधांची आणि कागदांची तयारी, तसेच तिथे आजारी पडल्यावर योग्य दवाखाना गाठण्याची रीत. ही नोंद बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी आणि त्यांना लागून असलेल्या कागल, गडहिंग्लज, चंदगड या पट्ट्यातून जाणाऱ्यांपुरती आहे. त्यांत आखातात कामाला जाणारे आहेत, हजयात्रेकरू आहेत, शिकायला जाणारी मुलं आहेत आणि लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला सहा महिने जाणारे आई-वडीलही आहेत. चौघांची गरज वेगळी असते. एजंटकडून मिळालेली एकच छापील यादी सगळ्यांना पुरत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून इथल्या आजारी माणसाला उपचारासाठी सीमा ओलांडणं अंगवळणी पडलं आहे. निपाणीहून कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे निपाणीचा रुग्ण सहसा उत्तरेला जातो. चंदगडचा रुग्ण उलट बेळगावला येतो, कारण १९६३ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचं मोठं रुग्णालय त्याला जवळ पडतं. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत वैद्यकीय काम सुरू केलं, तेव्हापासून रेल्वेने मिरज गाठण्याची वाटही रुळली. हे सगळं देशातल्या देशात असलं, तरी परदेशी गेल्यावर अडतं ते याच जागी. दुसऱ्या राज्याच्या दवाखान्यात आपली आरोग्य योजना चालेल का, आपले कागद वाचता येतील का, आधीच्या डॉक्टरांनी काय दिलं होतं ते कळेल का, हे प्रश्न सीमाभागातल्या घरांनी फार आधीपासून सोसले आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ सीमाभागातल्या ८६५ गावांना द्यायचं ठरवलं, तेव्हा कर्नाटक सरकारने हरकत घेतली. आजाऱ्याला दोन्ही बाजूंचा विचार करूनच पाऊल टाकावं लागतं. २०२१ मध्ये निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर अहवाल मागत. ज्यांनी तो नाका अनुभवला, त्यांना विमानतळावरच्या आरोग्य तपासणीचं वेगळं वर्णन सांगावं लागत नाही.

लस आणि तिचा दाखला. बेळगावच्या टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो आज मैदानासाठी आणि झाडांसाठी ओळखला जातो. एकेकाळी तिथली व्हॅक्सिन इन्स्टिट्यूट भारतात देवीची लस तयार करणाऱ्या चार संस्थांपैकी एक होती. बाकीच्या तीन पटवडांगर, हैदराबाद आणि मद्रासजवळच्या गिंडीला. त्या काळी परदेशी जायचं तर देवी काढल्याचा दाखला पासपोर्टइतकाच जपावा लागे. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं आणि तो दाखला इतिहासजमा झाला. लसीच्या दाखल्यावाचून माणसाला सीमेवर अडवण्याची पद्धत मात्र पीतज्वरासाठी आजही तशीच आहे.

पीतज्वर आफ्रिकेच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या काही देशांत आढळतो. भारतात तो नाही, पण तो पसरवणारा एडिस डास इथे भरपूर आहे. म्हणून भारत सरकार याबाबत फार कडक आहे. त्या देशांतून लस न घेता परतलेल्या माणसाला ६ दिवसांपर्यंत विलग ठेवता येतं. लस एकदाच घ्यायची, दाखला १० दिवसांनी लागू होतो आणि जुलै २०१६ पासून तो जन्मभर चालतो. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने ठरवलेल्या केंद्रांवरच ती देतात आणि तिथे ठरावीक दिवशी, आधी नाव नोंदवून जावं लागतं. गोव्यात मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात असं केंद्र आहे, मुंबईतही आहे. तिकीट काढण्याआधी केंद्राला फोन करावा, कारण १० दिवसांचा हिशेब चुकला तर तिकीट वाया जातं. ही जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र अॅलर्जी असलेल्यांना, प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना ती देत नाहीत. गरोदर बाई आणि साठीपुढची माणसं यांच्याबाबत डॉक्टर विचार करून ठरवतात. आफ्रिकेला जाणाऱ्याने हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दलही विचारलं पाहिजे. डॉक्सीसायक्लिन दिली असेल तर ती परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची असते, आणि घरी आल्यावर ती बंद करण्याचा मोह बहुतेकांना होतो.

हजला जाणाऱ्यांना मेंदुज्वराची चार प्रकारच्या जंतूंवरची लस सक्तीची आहे. ती सौदी अरेबियात पोचण्याआधी किमान १० दिवस टोचलेली असावी लागते. वयस्कर यात्रेकरूंनी फ्लूची लसही घ्यावी. मक्केच्या गर्दीत खोकला पसरायला वेळ लागत नाही.

शिकायला जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना नवी लस टोचून घेण्यापेक्षा लहानपणच्या लसींचा पुरावा शोधणं अवघड जातं. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींवरच्या लसीचे दोन डोस मागतात. आपल्या सरकारी लसीकरणात गालगुंडाची लस नाही. २०१७ मध्ये कर्नाटकात शाळाशाळांतून दिली ती गोवर-रुबेला, दोनच रोगांची. म्हणून बहुतेक मुलांना हे डोस २८ दिवसांच्या अंतराने पुन्हा घ्यावे लागतात, आणि मे महिन्यात त्याची आठवण झाली तर ऑगस्टच्या प्रवेशाआधी धावपळ होते. इथल्या कार्डांची तर वेगळीच तऱ्हा. पहिलं बाळंतपण माहेरी होतं म्हणून जन्म कोल्हापूरचा किंवा गडहिंग्लजचा आणि पहिले डोस मराठी कार्डावर. मग बाळ सासरी निपाणीला येतं आणि पुढचे डोस कर्नाटकाच्या कन्नड ‘तायी कार्डा’वर पडतात. हीच मुलं पुढे अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात शिकतात. ते निपाणीला खेटून आहे, पण महाराष्ट्रात आहे. घरच्यांना या दोन कागदांत काही खटकत नाही, पण परदेशातल्या विद्यापीठाच्या नर्सला दोन्ही कार्डं मुकी असतात. ओळखीच्या बालरोगतज्ज्ञाकडून दोन्ही कार्डांवरच्या तारखा एका इंग्रजी पत्रावर सही-शिक्क्यासह उतरवून घ्याव्यात. तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहावा, कारण ५/६ म्हणजे आपल्याकडे ५ जून आणि अमेरिकेत ६ मे, यावरच गोंधळ उडतो. जन्मस्थळाच्या रकान्यात एका कागदावर ‘बेळगाव’ आणि २०१४ नंतरच्या कागदावर ‘बेळगावी’ असेल, तर स्पष्टीकरणाची एक ओळ त्याच पत्रात घालावी.

बीसीजीची लस घेतलेल्या आपल्या मुलांची क्षयाची त्वचाचाचणी परदेशात पुष्कळदा ‘पॉझिटिव्ह’ येते. तेव्हा घाबरून गोळ्या सुरू करू नयेत. बीसीजीचा परिणाम न होणारी रक्ताची चाचणी मागावी. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक राहायचं तर क्षय नसल्याचा दाखला भारतातल्या त्यांनी मान्य केलेल्या केंद्रातूनच घ्यावा लागतो.

आखाती देशांत कामाला जाणाऱ्यांची तपासणी त्या देशांनी मान्य केलेल्या केंद्रात होते. तिला लोक अजून ‘गामका’ म्हणतात, आता तिचं नाव ‘वाफिद’ आहे. छातीचा एक्स-रे, एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग या चाचण्या त्यात येतात. जुन्या, पूर्ण बऱ्या झालेल्या क्षयाचा डाग एक्स-रेवर दिसला तरी ‘अनफिट’ शेरा बसू शकतो. निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यात, बिडीच्या घरांत छातीचे आजार अनोळखी नाहीत. म्हणून एजंटला पैसे देण्याआधी गावातच एक साधा एक्स-रे काढून डॉक्टरांना दाखवावा, असं या नोंदकर्त्याला आग्रहाने सांगावंसं वाटतं. पैसे भरून, जमीन गहाण ठेवून मग अनफिट ठरणं ही कोणत्याही घराला झेपणारी गोष्ट नाही. दहावी न झालेल्या कामगारांना ‘प्रवासी भारतीय विमा योजना’ काढावीच लागते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५ आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाखांचं संरक्षण. पॉलिसीची प्रत घरी बायकोकडे किंवा वडिलांकडे असावी. ती फक्त कामगाराच्या बॅगेत राहिली तर वेळेला घरच्यांना दाखवायला काहीच नसतं.

औषधांची पिशवी. नेहमीच्या गोळ्या मूळ पाकिटात, इंग्रजी चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत न्याव्यात. इन्सुलिन कधीही विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात टाकू नये, तिथल्या थंडीत ते गोठून निकामी होऊ शकतं. चिठ्ठीवर कंपनीचं नाव पुरत नाही, औषधाचं मूळ नाव हवं. आपला पॅरासिटामॉल अमेरिकेत अॅसिटामिनोफेन या नावाने मिळतो. घरोघरी असणारी निमेसुलाइडची गोळी तिथे विकायलाच परवानगी नाही. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध संयुक्त अरब अमिरातींत आधी परवानगी न घेता नेलं तर अटकही होऊ शकते. तेवढाच धोका स्वयंपाकघरातून निघालेल्या पुडीचा. अनारशांसाठी आणि मसाल्यासाठी आई प्रेमाने बांधून देते ती खसखस अमिरातींत, सौदीत आणि सिंगापुरात अमली पदार्थात मोजतात. निपाणीच्या तंबाखूची, मशेरीची सवय असलेल्याने सिंगापूरला जाताना ती घरीच ठेवावी, चघळायच्या तंबाखूला तिथे बंदी आहे.

साखरेचा आकडा हा एक लहानसा पण नेमका अडसर. आपल्याकडे रक्तातली साखर १८० असं सांगतात, ब्रिटनमध्ये तीच साखर १० म्हणून लिहितात. आपल्या आकड्याला १८ ने भागलं की तिकडचा आकडा मिळतो. आजींच्या हातात ग्लुकोमीटर देताना हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

दवाखाना शोधणं. युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११, सौदीत ९९७, अमिरातींत ९९८, हे रुग्णवाहिकेचे क्रमांक. पण बहुतेक आजार रुग्णवाहिकेचे नसतात. आपल्याकडे पोटात दुखलं की थेट पोटाच्या डॉक्टरांकडे जातात. ब्रिटनमध्ये आधी आपल्या भागातल्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवावं लागतं आणि पुढची वाट तोच दाखवतो. म्हणून पोचल्याच्या पहिल्या आठवड्यातच नाव नोंदवावं, ताप येण्याची वाट पाहू नये. विद्यार्थी व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार आधीच भरलेला असतो, तो वापरला पाहिजे. अमेरिकेत साध्या जखमेला किंवा तापाला ‘अर्जंट केअर’ पुरतं. मोठ्या इस्पितळाच्या इमर्जन्सीत गेलं तर बिल अनेक पटींनी वाढतं. शेंगेन देशांच्या व्हिसाला किमान ३० हजार युरोंचा विमा लागतोच. मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांच्या विम्यात मात्र एक ओळ नीट वाचावी, ती म्हणजे आधीपासून असलेल्या बीपी-शुगरचं काय. स्वस्त पॉलिसीत हृदयाचा झटका बहुधा त्याच ओळीत अडकतो.

भाषेची अडचण सांगायला संकोच करू नये. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत आणि अमेरिकेतल्या बहुतेक इस्पितळांत दुभाषी विनामूल्य मिळतो. भारतीय चेहरा पाहून तिथे हिंदी दुभाषी बोलावतात. खानापूरच्या आजींना कुठे दुखतंय ते मराठीतच सांगता येतं, तेव्हा ‘मराठी’ म्हणून स्पष्ट मागावं. नातवाने मध्ये बसून भाषांतर करणं शक्यतो टाळावं. बायकांच्या त्रासाच्या गोष्टी नातवासमोर उघड होत नाहीत, आणि मग निदान चुकतं. नोकरीच्या देशात पैसा संपला, इस्पितळाचं बिल थकलं किंवा मृतदेह आणायची वेळ आली, तर भारतीय दूतावासाकडे ‘भारतीय समुदाय कल्याण निधी’ आहे. तो २००९ पासून अशाच अडलेल्यांसाठी आहे. मागायला लाज वाटू नये.

परतल्यावर. बेळगावच्या सांबरा विमानतळावर परदेशी विमान उतरत नाही, म्हणून शेवटचा टप्पा गोवा, मुंबई किंवा बंगळूरहून बसने किंवा गाडीने होतो. लांबच्या विमानानंतर लगेच रात्रभर पाय लोंबकळत बसणं टाळावं, मध्ये उतरून चालावं. एकच पाय सुजून दुखला तर डॉक्टरांना दाखवावा. परदेशातल्या इस्पितळाचा निरोपाचा कागद जपून आणावा आणि तिथल्या औषधांची मूळ नावं इथल्या डॉक्टरांकडून ताडून घ्यावीत. आफ्रिकेहून आलेल्याला दोन महिन्यांच्या आत ताप आला तर रक्ताची हिवतापाची तपासणी त्याच दिवशी व्हावी. दवाखान्यात शिरल्यावर ‘दोन दिवस ताप आहे’ याच्याही आधी सांगायचं ते हे, की मी अमुक देशातून अमुक तारखेला आलो.