ओल कुणाच्या मालकीची?

घरमालक आणि बिऱ्हाडकरू यांचं एकमत झाल्याची नोंद ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात शोधूनही सापडायची नाही. भिंतीवरची बुरशी मात्र दोघांनाही सारखीच दिसते. वाद आहे तो ती आणली कुणी, एवढाच.

मालक म्हणतात, "तुम्ही ओले कपडे खोलीत वाळत घालता, चूल चोवीस तास चालू आणि खिडकी बंद. मग काय होणार?" बिऱ्हाडकरू म्हणतो, "अहो अप्पा, गच्ची गळते! डांबर शेवटचं कधी घातलंत?" शास्त्राला विचाराल तर दोघेही खरे. बुरशीला ओल लागते. ती गच्चीतून आली की भाताच्या पातेल्यातून, याची चौकशी ती करत नाही. आणि वर्षाला शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात तिला पाहुणचाराची कमतरता नाही.

या भांडणाचं मूळ मात्र पावसात नाही, कायद्यात आहे. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली म्हणून मुंबई सरकारने 1918 साली ती वेसणीला बांधली. पुढे 1947 चा प्रसिद्ध भाडे नियंत्रण कायदा आला. 1 सप्टेंबर 1940 ला जे भाडं होतं ते प्रमाण भाडं. जागा नंतर दिली असेल तर पहिलं भाडं तेच प्रमाण. सिमेंट वाढलं, गवंड्याची मजुरी वाढली, बिऱ्हाडातली माणसंही वाढली. भाडं तेवढं जागच्या जागी. आणि वेगळं काही ठरलं नसेल तर दुरुस्ती करायची कुणी? त्याच कायद्याने सांगितलं, मालकाने. पंचवीस रुपये घेऊन हजाराचं प्लास्टर करणारा मालक मी तरी पाहिला नाही. पाहिला असता तर त्याला हारच घातला असता.

मुंबईत यावर तोड निघाली. 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं, जुन्या इमारतींवर उपकर बसला. पण मंडळाची शिडी माहीम-शीवपर्यंतच. मुंबईत खोली परवडेना म्हणून ठाण्या-कल्याणला बिऱ्हाड थाटलेल्या चाकरमान्याला लोकल मिळाली, मंडळ नाही मिळालं.

1997 साली सुप्रीम कोर्टानेही गोठवलेली भाडी अवाजवी ठरवली. मग 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. त्याचं कलम 14 वाचून कुठल्याही भाडेकरूची छाती फुगावी. मालक दुरुस्ती करत नाही? नोटीस द्या. पंधरा दिवस थांबा. मग स्वतः करा आणि खर्च भाड्यातून कापा! फक्त पुढची ओळ वाचायची नाही. वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त कापता येत नाही. आता हिशेब करा. भाडं महिना पंचवीस, वर्षाचे तीनशे, त्याचा चौथा हिस्सा पंचाहत्तर. गच्चीला लागले साठ हजार. म्हणजे आठशे वर्षांत सगळे पैसे वसूल. भाडं दर वर्षी चार टक्क्यांनी वाढवायची मुभा आहे, तेव्हा पणतूच्या वेळेपर्यंत थोडं लवकरही जमेल.

तोवर ओल थांबत नाही. ती आत शिरते, सळईला गंज चढतो, गंज फुगतो आणि स्लॅब सोडू लागतो. 28 जुलै 2015 च्या रात्री ठाकुर्लीची 'मातृछाया' कोसळली. आठवड्याभरात, 4 ऑगस्टच्या पहाटे, ठाण्यात नौपाड्यातली 'कृष्णा निवास'. दोन्हीकडे झोपायच्या वेळी माणसं गेली. धोकादायक इमारत सोडा म्हटलं तरी भाडेकरू का सोडत नाही, याचं उत्तर त्या पंचवीस रुपयांत आहे. जागा सोडली की हक्क कुठे शोधायचा?

1999 च्या कायद्यात एक मायेचं वाक्य आहे. हवेसाठी खिडकी काढली किंवा धुराडं बसवलं तर ते 'पक्कं बांधकाम' धरून भाडेकरूला घराबाहेर काढता येत नाही. डोंबिवलीत खिडकी उघडली की समोर हातभरावर शेजारच्या बिल्डिंगची भिंत, हे कायदा करणाऱ्यांना कुणी सांगितलं नसावं.

नव्या बिऱ्हाडांचा प्रश्न मात्र सुटला आहे. आता बहुतेक ठिकाणी अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स. जागा दाखवायची ती दिवाळीनंतर, ताज्या रंगाचा वास असताना. रंगाखालून काळे ठिपके वर यायला जुलै उजाडतो, आणि सप्टेंबरात करार संपला की डिपॉझिटमधून नव्या रंगाचे पैसे कापून घेतात.