नाताळ सरल्यावरचे झाड

नाताळच्या झाडाविषयीचे काही अतिशय जुने कागद धर्मपीठातले नाहीत, कचेरीतले आहेत. आल्सेस प्रांतातील सेलेस्ता ह्या गावच्या १५२१ सालच्या हिशेबात एक नोंद सापडते : सणाच्या दिवसांत जंगलातील झाडांवर पहारा ठेवल्याबद्दल वनरक्षकांना दिलेली रक्कम. त्याच प्रांतातील आमर्शवीर गावाने १५६१ साली नियम केला, की कोणीही नाताळसाठी एकाहून अधिक झाड घेऊ नये आणि ते आठ जोड्यांच्या लांबीहून मोठे नसावे. सरकारी नोकराला हे वाचताना घरच्यासारखे वाटते. झाड मोजायला जोडा वापरला एवढेच नवल!

तोडीवर इतकी नजर. पण सण सरल्यावर त्या झाडाचे काय करावयाचे, ह्याबद्दल मात्र हे कागद बोलत नाहीत. बोलण्याचे कारणही नव्हते. घरोघरी शेगडी होती, वाळलेले लाकूड तिच्यात जाई. स्वीडनमध्ये १३ जानेवारीला, संत कनूटच्या दिवशी, मुले झाडावरची मिठाई लुटतात आणि मग झाड घराबाहेर जाते. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र छापून आले आणि ही चाल इंग्रज मध्यमवर्गात झपाट्याने पसरली. पुढे शहरांतल्या घरांतून शेगड्या गेल्या, झाडे मात्र येतच राहिली. जानेवारीत ती पदपथावर आणि तेथून उकिरड्यावर जाऊ लागली.

उकिरड्यात पुरलेले लाकूड हवेवाचून कुजते आणि मिथेन वायू सोडते. ब्रिटनमधील कार्बन ट्रस्ट ह्या संस्थेच्या हिशेबाप्रमाणे, दोन मीटर उंचीचे झाड असे पुरले, तर सुमारे १६ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार हवेवर पडतो. तेच जाळले किंवा त्याचा भुगा करून जमिनीवर पसरला, तर साडेतीन किलोच. तेवढ्याच उंचीच्या प्लॅस्टिकच्या झाडाचा भार ४० किलोंच्या घरात जातो. ऑस्लो शहर १९४७ पासून लंडनच्या ट्रॅफल्गार चौकासाठी जे झाड भेट पाठवते, त्याचाही अखेर भुगाच होतो आणि तो मातीवर आच्छादन म्हणून घातला जातो. लँकेशायरच्या किनाऱ्यावर जुनी झाडे वाळूत रोवून टेकड्या सावरतात. बर्लिनमध्ये न विकली गेलेली झाडे हत्तींना घालतात. घराघरांतून आलेली मात्र घालत नाहीत, कारण त्यांत शोभेच्या तारा अडकलेल्या असण्याची भीती.

आपण ह्याला परक्यांचा प्रश्न समजण्याचे कारण नाही. वटपौर्णिमेला मुंबई-पुण्याच्या बाजारांत वडाच्या तोडलेल्या फांद्या विकल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी त्या कचऱ्यात दिसतात. जे व्रत उभ्या झाडाभोवती फेऱ्या घालण्याचे, त्याची ही गत मला नाताळच्या तोडीपेक्षाही अधिक खटकते.

चंदीगडमध्ये हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. हे शहर समुद्रसपाटीपासून अवघे सव्वातीनशे मीटर उंच. स्प्रूस आणि फर ही हिमालयाच्या थंडीतली झाडे, इथला उन्हाळा त्यांना सोसत नाही. म्हणून 'ख्रिसमस ट्री' ह्या नावाने उत्तरेकडील रोपवाटिकांत कुंडीतले अरौकेरिया विकले जाते. ते पाइनसारखे दिसते, परंतु पाइन नव्हे. त्याचे मूळ घर पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेट. १७७४ साली कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत युरोपीयांना ते प्रथम दिसले, म्हणून त्याला कुक पाइन म्हणतात.

हे झाड मुळांसकट येते, तेव्हा टाकण्याचा प्रश्न मिटला असे वाटते. सण झाला की ते अंगणात, बहुधा कुंपणाच्या भिंतीलगत, लावतात. पण मायभूमीत हे झाड साठ मीटरपर्यंत वाढते! दोन मजली घराशेजारी ते काही वर्षांतच छपराच्या वर डोकावू लागते, आणि मग कुऱ्हाडीची आठवण होते. इथे मात्र गाठ चंदीगडशी आहे. नव्या राजधानीच्या १९५२ सालच्या कायद्यातच झाडांची तोड रोखणारे हुकूम काढण्याची तरतूद होती, आणि त्याच वर्षाचा वृक्षसंरक्षण हुकूमही आहे. रस्त्यारस्त्याला कोणते झाड शोभेल, हे ठरवण्यात डॉ. महिंदरसिंग रंधावा ह्या वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्या आय. सी. एस. अधिकाऱ्याचा मोठा वाटा. इमारती पुरत्या उभ्या राहण्याआधी सावलीचा विचार करणाऱ्या शहरात उभे झाड ही एकट्या मालकाची बाब राहत नाही.

तेव्हा निकाल लावावयाचा तो लागवडीच्या दिवशीच. मोठ्या कुंडीत हेच झाड अनेक डिसेंबर घरात आणता येते. कुंडी पुरेनाशी झाली, म्हणजे ते एखाद्या शाळेच्या वा महाविद्यालयाच्या विस्तीर्ण आवारात, भिंती आणि विजेच्या तारा टाळून द्यावे. आणखी एक गोष्ट. हे झाड विषुववृत्ताकडे कलते, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आढळले. सरासरी कल साडेआठ अंशांचा. आपण उत्तर गोलार्धात, म्हणून खड्डा खणताना मोकळी जागा सोडावयाची ती दक्षिणेकडे.