वरसईकर भटजींचा परमुलूख

पेण तालुक्यांतील वरसई गांवच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आमच्या बहुतेक वाचकांनीं झांशीच्या राणीसाठीं वाचला असेल. परमुलुखांत प्रवाशाचा जीव कशानें तरतो, हें पाहण्यासाठीं तो क्वचितच वाचला जातो.

१८५७ सालीं, कर्ज फेडण्याच्या विवंचनेंत, बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेंतील यज्ञाच्या दक्षिणेची आशा धरून ते चुलत्यांसह निघाले. कोंकणांतल्या भिक्षुकास त्या काळीं हिंदुस्थान म्हणजे परदेशच. भाषा निराळी, रीत निराळी, वाटा अनोळखी. महूजवळ शिपायांच्या तोंडून बंडाची वार्ता कळली. पण रिकाम्या हातांनीं घरीं परतणें त्यांस त्याहून कठीण वाटलें. १८५८ मध्यें झांशीस वेढा पडला तेव्हां ते शहरांतच होते. कत्तलींतून जीव वांचला; गांठचें द्रव्य मात्र लुटीस गेलें.

मग तारलें कशानें? शस्त्र नव्हतें, राजाश्रय कोसळला होता. उरली ती मुखोद्गत विद्या आणि जागोजागच्या महाराष्ट्रीय कुटुंबांचा आसरा. लुटारूंस जें हिरावतां आलें नाहीं त्याच्याच बळावर ते गंगोदकाची कावड घेऊन घरीं आले.

शौर्याचा आव न आणतां भीति होती तशी सांगितली, हें या वृत्तांताचें खरें मोल. १९०७ सालीं चिंतामणराव वैद्यांनीं तो आपल्या संस्कारांसह छापला; मूळ संहिता १९६६ सालीं दत्तो वामन पोतदारांनीं प्रसिद्ध केली. परक्या मुलुखांत पैका किती न्यावा यापेक्षां, तो गेल्यावर आपल्यापाशीं काय उरेल, हाच प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.